गोठ्यात करंट उतरला

नॉर्बर्ट ड्रेक्स्लरच्या गोठ्यात करंट उतरलाय हे सगळ्यांत आधी नॉर्बर्टलाच कळलं, आणि शेवटपर्यंत त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

मे संपत आला होता. लसूणघासाची पहिली कापणी तोंडावर होती, पाऊस दिवसाआड टपकत होता, आणि त्यातच यंदाची जूनची न्याहारी ड्रेक्स्लरांच्या अंगणात ठरलेली. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जूनमधला एक शनिवार असा असतो, की हजार-बाराशे माणसं एकाच शेतकऱ्याच्या दारात सकाळी सहापासून रांगा लावतात. पॅनकेक, अंडी, सॉसेज आणि चीज हाणतात, सात वाजता वर आइस्क्रीम खातात. मग गोठ्यातून एक चक्कर मारून यजमानाच्या गाई, त्याची शेणाची नाली आणि बायकोचे पडदे नीट बघून घेतात आणि घरी जाताना गाडीत नावं ठेवतात. मुलीचं लग्न काढणं परवडलं. नॉर्बच्या बापानं तीस वर्षं वाट बघितली, त्याच्या दारात ही न्याहारी कधी आली नाही. नॉर्बच्या आली. त्यामुळे गडी महिनाभर जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होता.

तसं त्याला मिरवायला पुष्कळ होतं. साठ गाई, प्रत्येकीला नाव, प्रत्येकीची आजी त्याला तोंडपाठ. स्वच्छ दुधासाठी चीज कारखान्यानं दिलेल्या अकरा पाट्या दूधखोलीच्या भिंतीवर एका रांगेत. हात असे, की जन्मताना अडलेलं वासरू पोटातल्या पोटात फिरवून बाहेर काढावं. गुडघे मात्र गेलेले. एकसष्ट वर्षांतली पन्नास वर्षं गाईखाली बसण्यात गेल्यावर गुडघे राहतात कुठले.

आणि एक गोष्ट तो मिरवत नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बियाणंवाल्यांनी फुकट दिलेल्या कपाच्या मागं, गोळ्यांची बाटली होती.

गेल्या ऑक्टोबरात, मका शेतात उभा असताना, नॉर्ब एका सकाळी गोठ्यात बादली उलटी घालून बसला आणि उठलाच नाही. गाई हंबरून हंबरून दमल्या. मार्लिसनं एकटीनं साठ गाईंचं दूध काढलं. दुपारी तो एवढंच म्हणाला, "विकून टाक सगळ्या." मार्लिसनं त्याच्याबरोबर छत्तीस वर्षं काढली होती. त्याचा बाप गेला तेव्हाचं रडणं तिनं बघितलं होतं, पण हे तीन शब्द तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तिनं शहरात मुलीला, जोलीनला, फोन लावला आणि नवऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथली ट्रीना डॉक्टर नाही, नर्स आहे, पण औषध लिहून द्यायचा तिला अधिकार आहे आणि अर्ध्या काउंटीच्या नाड्या तिला पाठ आहेत.

"हे डिप्रेशन आहे, नॉर्ब," ती म्हणाली. "गोळी देते. पहिले दोन आठवडे मळमळेल, झोप बिघडेल, कदाचित आहे त्यापेक्षा वाईट वाटेल. तरी सोडायची नाही. गुण यायला चार-पाच आठवडे लागतात. आणि जिवाचं बरंवाईट करावं असं काही डोक्यात आलं, तर वेळ बघायची नाही. फोन करायचा."

दहा दिवस नॉर्ब नालीत ओकला. रोज सकाळी मार्लिस टोस्ट आणि गोळी घेऊन समोर उभी राहायची आणि गिळल्याशिवाय हलायची नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यानं गव्हाणीतला मुरघास मुठीत घेतला, हुंगला, आणि म्हणाला, "झकास मुरलाय यंदा." मार्लिस दूधखोलीत गेली आणि दुधाच्या टाकीला धरून पोटभर रडली. ती कौतुकाची गोष्ट तिनं मला स्वतः सांगितली आहे.

आता मे महिन्यात नॉर्ब ठणठणीत होता, मार्लिसनं गोळीसाठी समोर उभं राहणं सोडलं होतं, आणि ठणठणीत माणसाला गोळी बघवत नाही. गोठ्यात औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधतात. तिचं दूध टाकीत जाऊ द्यायचं नाही, ओतून द्यायचं, म्हणून ती खूण. नॉर्ब रोज सकाळी गोळी गिळताना मनात म्हणायचा, आपल्याही पायाला पट्टीच आहे. सगळी काउंटी दारात येणार, आणि यजमान कसा, तर पट्टीवाला. वीस तारखेला त्यानं बाटली कपाच्या मागं आणखी आत सरकवली आणि तोंड पुसून कामाला गेला. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला त्यात काही वाटलंच नाही. दुखणं गेलं, औषध बंद. गाईचं तसंच असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्नाडेटची कास पुसायला तो वाकला. हाताशी ठेवलेलं दूध काढायचं यंत्र घ्यायला डावीकडं बघितलं आणि कपाळाच्या आत सणकन झटका बसला. कुंपणाच्या तारेला ओला हात लागल्यासारखा. ओठापर्यंत मुंग्या आल्या. त्यानं गाय सोडली, उभा राहिला. पुन्हा खाली बसला, मान वळवली. पुन्हा सण्ण.

करंट उतरलाय, नॉर्ब मनात म्हणाला, कुठल्या तरी वायरीतून वीज जमिनीत आणि लोखंडात गळतेय. गोठ्यात करंट म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लहानपणी शेजारच्या क्लेमन्सच्या गोठ्यात उतरला होता. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण गाई पाण्याला तोंड लावेनात, यंत्र लावलं की नाचायला लागल्या, दूध आटलं. दोन वर्षांत गोठा रिकामा. लोक मात्र म्हणत राहिले, क्लेमन्सलाच गाई सांभाळता येत नव्हत्या.

आता न्याहारी तीन आठवड्यांवर आलेली. ही बातमी फुटली तर न्याहारी दुसऱ्याच्या दारात जाणार. नॉर्बनं तोंडाला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवसापासून तो खिशात करंट तपासायचं मीटर घालून फिरायला लागला. प्रत्येक गाईपुढच्या पाण्याच्या वाटीला, गळ्यातल्या साखळीच्या कडीला, दुधाच्या नळीला, खिडकीच्या गजालासुद्धा टोकं लावून बघितली. काटा हलला नाही. मीटर बिघडलं असणार म्हणून दुसरं आणलं. तेही तसंच. मग त्यानं गोठ्यामागं अर्थिंगसाठी आठ फुटी तांब्याची सळई ठोकायला घेतली. घणाचा प्रत्येक घाव घातला की डोळ्यांपुढं जमीन एकीकडं कलायची. अर्ध्यात बसला. घामानं भिजला होता आणि हुडहुडीही भरली होती. दूरवर शेजारी घास कापत होता, त्या यंत्राच्या आवाजानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कशाचं रडू येतंय हे त्याला कळेना, म्हणून तो सळईवरच चिडला.

"करतोयस काय?" जोलीननं विचारलं. एकतीस वर्षांची पोरगी, शहरातली नोकरी सोडून आलेली, आणि बापापेक्षा आवाज मोठा.

"सळई ठोकतोय."

"ते दिसतंय. कशाला?"

"तू वासरं बघ जा."

दोन रात्री त्याला भलभलती स्वप्नं पडली. सहाव्या दिवशी सकाळी बर्नाडेटनं नेहमीसारखी शेपटी मारली. शेणानं भिजलेला तो फटका तोंडावर बसला, आणि नॉर्बनं उठून तिच्या पाठीवर सगळ्या ताकदीनं हात हाणला. साखळी खणखणली. ओळीतल्या सगळ्या गाई खायच्या थांबल्या. बर्नाडेटनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. नऊ वर्षांची गाय, त्याच्या हातावर जन्मलेली.

जोलीन खुराकाची गाडी ढकलत पलीकडं उभी होती. "बाबा," ती हळू म्हणाली, "तू गाईला मारलंस."

त्यानं पन्नास वर्षांत गाईवर हात उचलला नव्हता. उचलणाऱ्या गड्याला त्यानं त्याच दुपारी घरी पाठवलेलं जोलीनला आठवत होतं. नॉर्ब हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "करंट उतरलाय गोठ्यात. डोकं ठिकाणावर राहत नाही माझं."

"मग व्हर्जिलला बोलव. मीटर घेऊन चोरासारखा का फिरतोस?"

व्हर्जिल हा वीज सोसायटीचा वायरमन. तीस वर्षं खांबावर गेलेली, आणि दर गुरुवारी पत्त्यांत नॉर्बचा भिडू. त्यानं आपलं मोठं यंत्र आणलं, गाईपुढच्या वाटीला आणि जमिनीला तारा लावल्या, दोन दिवस ते तसंच चालू ठेवलं. दोन दिवस नॉर्बला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी, सकाळचं दूध झाल्यावर, व्हर्जिल यंत्रातले आकडे बघत गव्हाणीपाशी बसला. मार्लिस कॉफी घेऊन आली.

"काही नाही," व्हर्जिल म्हणाला.

"नाही कसं?"

"अरे, काही नाही म्हणजे नाही. करंटच्या बाबतीत इतका कोरडा गोठा मी वर्षभरात बघितला नाही. आणि यंत्र जाऊ दे खड्ड्यात, तुझ्या गाईंकडं बघ. गाईला माणसाच्या आधी कळतं. करंट असता तर पाण्यात तोंड न घालता नुसतं जिभेनं लपलप केलं असतं. ही बघ, नाकापर्यंत तोंड बुडवून पितेय. दूध कमी झालं?"

"नाही," जोलीन म्हणाली. "वाढलंय."

"मग तुला कुठं लागतो करंट? वाटीला हात लावल्यावर?"

"नाही."

"नळीला?"

"नाही." नॉर्ब घुटमळला. "डोळे फिरवले की."

व्हर्जिलनं टोपी मागं सारली. "डोळे फिरवले की?"

"डावीकडं बघितलं की इथं सण्ण होतं. कपाळात."

"गड्या, तिथवर आमची लाईन येत नाही."

जोलीनला हसू फुटलं. मार्लिस हसली नाही. तिनं कॉफीचा मग खिडकीत ठेवला, घरात गेली आणि बाटली घेऊन परत आली. व्हर्जिलच्या देखत तिनं ती नॉर्बच्या कानाशी हलवली. आत गोळ्या खडखडल्या.

"ही काल संपायला हवी होती," ती म्हणाली. "खुळखुळा कसा वाजतोय?"

व्हर्जिल उठला आणि उगाच तारा गुंडाळायला लागला. मित्र असून त्याला गोळ्यांचं आजवर माहीत नव्हतं, आणि आता कळलं ते असं, साठ गाईंच्या साक्षीनं. नॉर्बच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कधी सोडलीस?" मार्लिसनं विचारलं.

"वीस तारखेला."

"का?"

"लोक येणार," नॉर्ब म्हणाला. "पट्टीवाल्या गाईसारखा उभा राहू का दारात?"

मार्लिसला राग अनावर झाला की ती हळू बोलते. "पट्टी गाईची लाज म्हणून बांधतोस का रे? आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून बांधतोस. ऑक्टोबरात तू गाई विकायला निघालास, तेव्हा मी नाही लाजले. दाराशी गाडी लावून तुला दंडाला धरून नेलं, सगळ्यांनी बघितलं. मला अभिमान आहे त्याचा. चल, गाडीत बस."

दवाखान्यात ट्रीनानं सगळं ऐकून घेतलं. सळई, मीटर, शेपटीचा फटका, सगळं. मग त्याच्या डोळ्यांसमोर बोट इकडंतिकडं फिरवलं आणि तो दचकलेला बघितला.

"दुखणं उलटलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "अंगाला सवय झालेली गोष्ट एकदम काढून घेतली की काहींना असे झटके येतात, चक्कर येते, चिडचिड होते, रडू येतं. व्यसन नव्हे ते. आजपासून पुन्हा तीच गोळी, तेवढीच. चुकलेल्यांची भरपाई म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत. थोड्या दिवसांत उतरेल. न उतरलं तर ये. जिवाचं बरंवाईट करावं असं काही आलं का मनात?"

"नाही. फक्त गाईला मारलं."

"ते बर्नाडेट बघून घेईल."

"मग जन्मभर का ही?"

"कोण म्हणालं? बरं वाटायला लागून तुला सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. मका घरात येऊ दे, हिवाळा लागू दे. मग तू आणि मी बसू. थोडी कमी करू, काही आठवडे थांबू, बघू. ठीक असलं तर आणखी थोडी. झटके आले तर एक पायरी मागं. काही महिने लागतील. पण एकट्यानं ठरवायचं नाही."

"एवढ्याशा गोळीला महिने?"

"मला गाईंतलं कळत नाही, मी कुठली शेतकरी. तुम्ही गोठ्यात काही बदललं तर किती दिवस घेता?"

गाईबद्दल विचारलं की नॉर्ब सरळ होऊन बसतो. "कशावर आहे. चारा असेल तर बारा दिवस. पहिले तीन दिवस चतकोर नवा, बाकी जुना. मग निम्मा. मग पाऊण. एका दिवसात बदलणारा माणूस शेतकरी नव्हे, गाढव. गाईचं पोट उलटतं, पायातून जाते, दूध जातं. मी या पोरीला दहाव्या वर्षी..."

तो थांबला. त्यांच्याबरोबर आलेली जोलीन दाराशी उभी राहून छताकडं बघत होती.

"बोल की," ट्रीना म्हणाली.

"काही नाही," नॉर्ब म्हणाला. "बारा दिवस लागतात."

त्या संध्याकाळी दूध काढायला गेला तर खुराकाच्या फळ्यावर शेवटी एक ओळ वाढलेली. गोठ्याच्या दारातच तो काळा फळा आहे. प्रत्येक गाईचं नाव, तिला काय घालायचं, किती, आणि चारा बदलत असेल तर कितवा दिवस, हे सगळं खडूनं. साठाव्या गाईखाली जोलीननं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नॉर्ब. एक गोळी, टोस्टबरोबर. मका येईपर्यंत बदल नाही. पुढं हळूहळू, ट्रीनाला विचारून.

"पुसशील ते," तो म्हणाला.

"तुझं पोट ठिकाणावर आलं की."

चौथ्या दिवशी झटके विरळ झाले. आठवड्यानं नॉर्बनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, पुन्हा डावीकडं बघितलं, आणि बर्नाडेटच्या कपाळाला कपाळ टेकवून बराच वेळ उभा राहिला. तिनं त्याची टोपी चाटली. मग ऊन पडलं तशी तिघांनी तीन दिवसांत सगळा लसूणघास कापून आत आणला. छातीपर्यंत हिरव्या वासात बुडून तो घरी यायचा आणि थाळीभर जेवायचा. अर्धी ठोकलेली सळईही त्यानं पुरती ठोकून टाकली. कोरड्या गोठ्याला आणखी एक अर्थिंग झालं तर बिघडतं कुठं.

शुक्रवारी संध्याकाळी अंगणात तंबू उभे राहिले. जोलीन बादली आणि फडकं घेऊन गोठ्याच्या दारात आली आणि फळ्याच्या खालच्या ओळीवर ओला हात नेला.

"राहू दे," नॉर्ब म्हणाला.

"बाबा, उद्या हजार माणसं इथूनच आत जाणार आहेत. मी चेष्टेनं लिहिलं होतं."

"या गोठ्याच्या फळ्यावर खोटं कधी लिहिलं नाही, आणि खरं कधी पुसलं नाही. प्रत्येकीचा खुराक उघड आहे. माझाच का झाकायचा?"

"लोक बोलतील."

"पडद्यांना नावं ठेवण्यापेक्षा बरं." त्यानं खडू उचलला आणि फिकट झालेलं आपलं नाव पुन्हा गडद केलं. त्याचं अक्षर बापासारखं, मोठं आणि वाकडं. मार्लिस तंबूतून बघत होती. तिनं हाक मारली नाही. पण तिच्या तोंडावर आलेलं तेज मी बघितलंय, आणि अकरा पाट्यांतल्या एकीच्याही वेळी ते आलं नव्हतं.

शनिवारी सव्वाबाराशे माणसं जेवली. रांग रस्त्यापर्यंत गेली. नॉर्ब इस्त्रीच्या शर्टात गोठ्याच्या दारात उभा राहून हात मिळवत होता. फळा सगळ्यांनी वाचला. काही जण गाईंच्या नावांना हसले, खाली पोचले आणि हसायचे थांबले. दोघी-तिघी एकमेकींच्या कानाला लागल्या. व्हर्जिल आइस्क्रीम चाटत आला, शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "टोस्टबरोबर होय? तरीच गुरुवारी दोनदा जिंकलो आपण." नॉर्ब हसला.

नऊच्या सुमाराला उत्तरेकडच्या टेकड्यांतला एक शेतकरी आला. चाळिशीचा, हडकुळा, नॉर्बनं त्याला लिलावात एक-दोनदा बघितलेलं, नाव माहीत नव्हतं. तो फळ्यापुढं उभा राहिला तो हलेना. मागून माणसं येत होती, त्याला वळसा घालून आत जात होती. शेवटी तो नॉर्बजवळ आला, आणि त्याच्याकडं न बघता बर्नाडेटकडं बघत बोलला.

"चांगली गाय आहे."

"नऊ वर्षांची."

"ती खालची ओळ," तो म्हणाला. "त्याचा गुण यायला किती दिवस लागतात?"

नॉर्बनं मिळवायला पुढं आलेले दोन-चार हात तसेच सोडले, त्या माणसाला दंडाला धरून आत घेतलं आणि गव्हाणीवर आपल्या शेजारी बसवलं.

"पहिले दोन आठवडे ओकशील," तो म्हणाला. "पाचव्या आठवड्यात एक दिवस तुला मुरघासाचा वास येईल."